देव्हाऱ्यातला व्हिसा

"बारकोडवर कुंकू लावू नका." हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले असेन, तितक्या वेळा स्वतःच्या नवऱ्याला 'चहा घेणार का' असंही विचारलं नसेल. रत्नागिरीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं तिकिटांचं आणि व्हिसाचं छोटं ऑफिस होतं. होतं म्हणते, कारण यंदा मे संपता संपता मी ते बंद केलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट घरात आली की आधी देवापुढे ठेवायची पद्धत आहे. स्कूटरची किल्ली असो, नोकरीचं पत्र असो, नाहीतर हापूसची पहिली पेटी असो. मग व्हिसा कसा सुटेल? मी व्हिसाचा कागद छापून हातात दिला की तो घरी जाऊन सरळ देव्हाऱ्यात जायचा, हळदकुंकू लागायचं, वर एक जास्वंद ठेवलं जायचं, आणि निघायच्या दिवशी नमस्कार करून तो बाहेर काढायचा. एकदा एका आजोबांच्या कागदावरच्या बारकोडची काळी चौकट विमानतळावरचं यंत्र वाचेचना. आजोबांनी थुंकी लावून कुंकू पुसायचा प्रयत्न केला आणि चौकटच गुलाबी झाली. तिथल्या मुलीनं मला फोन करून विचारलं, "मॅडम, यावर सांडलंय काय?" मी म्हटलं, "श्रद्धा." ती काही हसली नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ग्राहकांचे गमतीचे किस्से मागितले आहेत. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण मनात दुसरंच काही असताना माणसाला हसवत बसणं मला जमत नाही, आणि आता या वयात शिकायचीही इच्छा नाही. त्यामुळे ज्यांना फक्त गमती हव्यात त्यांनी अर्ध्यावर पान उलटलं तरी मला राग येणार नाही.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पर्यटक व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या देशात पाहुणा म्हणून जायची परवानगी. लोकांना वाटतं, व्हिसा मिळाला की झालं. तसं नसतं. त्या कागदावर दोन वेगवेगळ्या मुदती असतात. एक मुदत असते आत शिरायची. अमुक तारखेच्या आत तुम्ही त्या देशात पाऊल टाकलं पाहिजे. ही मुदत व्हिसा मंजूर झाला त्या दिवसापासून पळायला लागते, तुम्ही रत्नागिरीत घरी बसून सोलकढी पीत असलात तरी. दुसरी मुदत असते आत राहायची. ती तुम्ही तिथे उतरलात की सुरू होते. शिवाय एकदाच आत जाता येईल की पुन्हा पुन्हा, तेही लिहिलेलं असतं. प्रत्येक देशाचं गणित थोडं वेगळं, पण सांगाडा हाच. एवढंच आहे सगळं. एवढंच समजावण्यात माझं आयुष्य गेलं.

मला स्वतःला हे समजावलं ते रशीदभाईंनी. मी नुकतीच तिकिटांच्या एका मोठ्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते आणि रशीदभाई जहाजावरची नोकरी संपवून खाडीकाठच्या आपल्या गावी परतले होते. मुलगा आखातात, त्यामुळे त्यांच्या चकरा चालू असत. मी दोन तारखांत गोंधळले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरचं पेपरवेट होडीसारखं सरकवून दाखवलं.

"बाई, आमच्या खाडीच्या तोंडावर वाळू हाय. भरती असंल तवाच होडी आत येते. भरती गेली की भायेरच ऱ्हायाचा. पन एकदा आत आलात, मग धक्क्यावर किती दिवस बांधून ठेवायची ती बात अलग. तुमच्या कागदावर भरती येगळी लिवलीय आनि धक्का येगळा."

त्यानंतर मी प्रत्येक ग्राहकाला भरती आणि धक्काच सांगत आले. खाडीकाठच्या लोकांना ते चटकन कळायचं. त्यांच्या घरातून दोन दोन पिढ्या बाहेर राबलेल्या, तिथल्या बायकाही पासपोर्टाची शेवटची तारीख तोंडपाठ सांगत. वरच्या अंगाच्या, शेतीवाडीच्या गावांतले लोक मात्र मान डोलवत. भरती त्यांनी पाहिलेली असते, पण भरतीवर त्यांचं काही अडलेलं नसतं.

आता ती कबूल केलेली गंमत. नवं लग्न झालेलं एक जोडपं माझ्याकडून फिरायला गेलं. एकाच प्रवेशाचा व्हिसा. मी बजावून सांगितलं की देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिथे गेल्यावर कुणीतरी त्यांना शेजारच्या देशातला धबधबा दाखवायला एका दिवसाच्या सहलीत नेलं. धबधबा पाहून परत येताना सीमेवर अडवलं. एकदाच आत येता येतं, ते येऊन झालं होतं. सामान हॉटेलात, आणि नवरी हिरव्या चुड्यासह पलीकडे. शेवटी दोघं तिथूनच परस्पर भारतात आली, बॅगा नंतर आल्या. त्या मुलीच्या सासूनं बारशापर्यंत माझ्याशी अबोला धरला. बारशाला मात्र बोलावलं, पेढेही दिले, आणि म्हणाली, "ताई, धबधबा चांगला होता म्हणतात."

अशा गोष्टींवर मी वर्षानुवर्षं हसले. चूक व्हायची, धावपळ व्हायची, दंड भरायचा, आरडाओरडा व्हायचा आणि शेवटी माणूस घरी यायचा. माणूस घरी आला की सगळ्याची गोष्ट होते. मला वाटायचं, माझ्या धंद्यात याहून वाईट काही होत नाही.

शांतारामभाऊ आणि सुनंदावहिनी माझ्याकडे पहिल्यांदा आले ते पासपोर्ट काढायला. पालीच्या पुढे आत त्यांचं गाव. थोडी भातशेती, काजूची चार झाडं. पण शांतारामभाऊंची गावातली किंमत त्यांच्या जमिनीवर नव्हती. ते ग्रामदेवतेचे मानकरी. शिमग्यात देवीची पालखी देवळाबाहेर निघते तेव्हा पहिला खांदा त्यांच्या घराचा. त्यांच्या आज्याचा होता, बापाचा होता, त्यांचा होता, आणि पुढे संदेशचा व्हायचा होता.

संदेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. आखातात एसी दुरुस्तीचं काम करायचा. आईबापाला एकदा विमानात बसवायचं, आपण राबतो ते शहर दाखवायचं, एवढ्यासाठी त्यानं पासपोर्ट काढायला लावले होते. तिशी आली होती, स्थळं बघणं चालू होतं. मला तो कधी प्रत्यक्ष भेटला नाही. फोनवर मात्र नेहमी बोलायचा, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचा, "ताई, रत्नांग्रीत काय नवीन?" मी सांगायची, "खड्डे." तो हसायचा.

गेल्या हिवाळ्यात तो आजारी पडला. आधी ताप म्हणाले, मग रक्ताचा आजार निघाला. तिथल्याच इस्पितळात भरती केलं. विमानप्रवास झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्याला इकडे आणता येईना. त्यानं मला फोन केला, आवाज नेहमीसारखाच होता. "ताई, आईबाबांचा व्हिसा काढा. शहर राहूदे, आता मलाच बघून जातील."

मी अर्ज भरला. शिमगा तोंडावर असताना दोघांचे व्हिसा आले. आत शिरायला एक महिना, शिरल्यावर राहायलाही एक महिना. मी दोघांना बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि भरती-धक्का सांगितला. शेवटची तारीख लाल पेनानं गोल करून दाखवली.

"भाऊ, या तारखेच्या आत तिथे उतरायचं. तुम्ही उद्या निघालात तर सगळ्यात बरं."

शांतारामभाऊंनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

"उद्या कसा जमंल ताई? फागपंचमी आलीय. देवी भायेर निघायची, आनि मानकरी मुलखाभायेर? पालखी आमच्या घरी येऊन गेली की मागोमाग निघतो. तवाबी ह्या तारखेला लय दिवस ऱ्हातात."

खरंच राहत होते. मीही मोजून पाहिलं. पालखी पौर्णिमेनंतर त्यांच्या वाडीत येणार होती, त्यानंतर निघाले तरी आठवड्याहून जास्त वेळ हाताशी होता. तरी मी विचारलं, "मुलगा इस्पितळात आहे भाऊ. एक वर्ष खांदा दुसऱ्या कुणी दिला तर?"

"देवीला कौल लावला ताई. गुरवानं माझ्यासमोर लावला." कौल म्हणजे गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. "पोरगा बरा व्हईल काय, असा इचारला. उजवा दिला. पटकन दिला. मग आमी देवीला पाठ दावून जायाचा?"

मी स्वतः रत्नागिरीची आहे. पालखी यायच्या दिवशी माझंही ऑफिस बंद असायचं आणि कठीण अर्ज पाठवताना मीही मनातल्या मनात नारळ बोललेली आहे. माझ्या तोंडून त्यांना कुठलं शहाणपण निघणार होतं?

भाऊ पाणी प्यायला बाहेरच्या माठाकडे गेले तेव्हा सुनंदावहिनी पुढे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एकट्या बाईला सोडतात काय वो तिथं?"

"सोडतात वहिनी. मी विमानतळावर मदतीला माणूस सांगून ठेवीन. तो तुम्हाला हाताला धरून विमानात बसवेल, तिकडे उतरवून घेईल."

"पन मना वाचता नाय येत."

"वाचायचं काही नाही. तिथला साहेब एकच प्रश्न विचारतो. कुणाकडे आलात? तेवढं सांगायचं."

ही उजळणी मी सगळ्याच म्हाताऱ्या माणसांकडून करून घ्यायची. मी टेबलामागे ताठ बसले, चेहरा कडक केला आणि हिंदीत विचारलं, "किसके पास आए हो?"

त्यांनी पदर सावरला. "पोराकडं."

"बेटे के पास, म्हणायचं."

"बेटे के पास," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच लाजून हसल्या. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तेवढ्यात भाऊ आत आले आणि त्या मागे सरकून बसल्या. मी भाऊंना म्हटलं, वहिनींना आधी पाठवा, तुम्ही मागाहून या. भाऊ म्हणाले, पालखी घरी येनार आनि घरात ओटी भराया बाय मानूस नको? वहिनींनी जमिनीकडे बघत मान हलवली. ती मान त्यांनी कुणासाठी हलवली, ते मला आजही माहीत नाही.

दोन्ही कागद घरी जाऊन देव्हाऱ्यात बसले.

मी पौर्णिमेनंतरचं तिकीट काढून दिलं. मध्ये एकदा संदेशचा फोन आला. त्याला बरं वाटत होतं. उठून बसायला लागला होता, पेज खात होता. मी म्हटलं, आईबाबांना सांगू का लवकर निघायला? तर म्हणाला, "नको ताई. बाबांनी एकही शिमगा चुकवलेला नाही. पालखी नाचवून येऊदेत. मला व्हिडिओ पाठवायला सांगा, मी यंदा सगळ्या वॉर्डाला दाखवणार." म्हणजे देवीनं उजवा कौल दिला होता, मुलगा स्वतः थांबा म्हणत होता, तारखेलाही वेळ होता. त्यात कुणाचं काय चुकलं ते मला दाखवून द्यावं कुणीतरी. मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं आहे.

पालखी त्यांच्या वाडीत यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या भावकीतला एक म्हातारा गेला. चांगला पिकलेला, नव्वदीचा. कोकणात भावकीत माणूस गेलं की सगळ्या घरांना सुतक. सुतक असलेल्या वाडीत पालखी शिरत नाही आणि सुतकातला मानकरी देवीला शिवत नाही. गावानं ठरवलं, बाकीच्या वाड्या आधी उरकायच्या आणि सुतक फिटल्यावर पालखी शेवटी मानकऱ्याच्या घरी न्यायची, पाडव्याच्या आसपास. गावानं मानकऱ्याचा मान राखला.

तिकिटाची तारीख त्यामुळे पुढे ढकलायला हवी होती. भाऊंच्या मुंबईच्या भाच्यानं ती मोबाइलवर ढकलून दिली. हल्ली हे कुणालाही जमतं. विमान कंपनीचं मशीन नवी तारीख विचारतं, फरकाचे पैसे घेतं आणि शुभेच्छा देतं. तुमच्या व्हिसाची भरती ओसरली का, हे ते विचारत नाही. मला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही आहे असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. मी समजत होते, दोघं केव्हाच पोचले.

फोन आला तो विमानतळावरून. शांतारामभाऊंचा आवाज मी ओळखला नाही, इतका तो बारीक झाला होता.

"ताई, हितली पोरगी म्हनते व्हिसा संपला."

मी त्यांची फाइल काढून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली.

"भाऊ, परवाच संपली मुदत. तुम्ही अजून इथेच कसे?"

"पन ताई, आमी अजून गेलोच नाय." ते मला समजावून सांगत होते, मी लहान मूल असल्यासारखं. "एक म्हयना ऱ्हायचा व्हिसा हाय ना? आमी त्यातला येकबी दिवस खर्च केला नाय. देव्हाऱ्यात ठेवला व्हता जसाच्या तसा. वापरलाच नाय तर संपंल कसा?"

वापरलंच नाही तर संपेल कसं? तांदूळ संपत नाही, मीठ संपत नाही, बरणीतलं लोणचं संपत नाही. शेतकऱ्याच्या घरात न वापरलेली वस्तू शिल्लकच असते. मागे वहिनींचा आवाज येत होता. त्या काउंटरवरच्या मुलीला सांगत होत्या, "बेटे के पास. बेटे के पास." त्यांना वाटत होतं, उत्तर चुकलं म्हणून अडवलंय.

वहिनींच्या पिशवीत कुळथाचं पीठ होतं, आमसुलं होती आणि पालखीचा अंगारा होता, हे मला नंतर भाच्यानं सांगितलं.

मी त्याच तासाला नवे अर्ज भरले. जितके ओळखीचे होते तितक्यांना फोन केले. तिकडच्या माझ्या एजंटनं सांगितलं, "दीदी, ईदची सुट्टी लागली. ऑफिस उघडल्याशिवाय कुणी हात लावणार नाही." मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा घरात शेवया खात बसला होता, त्यानं ऐकून घेतलं. दोघं भाच्याच्या घरी मुंबईत थांबली. रोज सकाळी वहिनी फोन करून विचारायच्या, "उगडलं काय?" मी म्हणायची, "नाही वहिनी, आज नाही." त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर माझं थोडं तरी निभावलं असतं.

संदेश उठून बसला होता तो पुन्हा आडवा झाला होता. त्याचा शेवटचा फोन मला नाही, आईला आला. काय बोलला ते मी कधी विचारलं नाही. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि उघडल्या उघडल्या दोघांचे व्हिसा मंजूर होऊन माझ्या मोबाइलवर आले. अगदी व्यवस्थित होते. आत शिरायला एक महिना, राहायला एक महिना.

माझ्या धंद्यातलं एक काम बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. परदेशात माणूस गेला की त्याला आणण्याआधी त्याचा व्हिसा रद्द करून घ्यावा लागतो आणि पासपोर्टही. जिवंत माणसाला जायला परवानगी लागते, तशी मेलेल्या माणसाला यायलाही लागते. ते कागद मीच करवून घेतले. आयुष्यात मी कागद इतके भराभर आणि इतके बिनचूक कधी केले नव्हते. संदेश घरी आला. मघाशी मी लिहिलं, माणूस घरी आला की सगळ्याची गोष्ट होते. ते खोडायला हवं होतं, पण राहूदे.

मी गावी गेले तेव्हा शांतारामभाऊ पडवीत बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमचा काय चुकला नाय." नंतर म्हणाले, "देवीनं उजवा दिला व्हता." ते देवीवर चिडलेले नव्हते. ते फक्त ती कळी पुन्हा पुन्हा पडताना बघत होते, आणि ती दर वेळी उजवीकडेच पडत होती. गुरवही येऊन खाली मान घालून बसला होता. त्या पडवीत दोषी म्हणून बोट दाखवावं असं एक माणूस मी शोधत होते. मी हाडाची भांडखोर बाई आहे, पण मला भांडायला कुणी मिळालं नाही.

तेरावं उलटल्यावर चार दिवसांनी वहिनी ऑफिसात आल्या. एकट्या. पालीहून एसटीनं रत्नागिरीला त्या पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या आणि स्टँडवर विचारत विचारत माझी गल्ली शोधली होती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून एकच पासपोर्ट काढला, स्वतःचा.

"दुसरा व्हिसा आलाय ना माजा?"

"आलाय वहिनी."

"तो कवापर्यंत?"

मी तारीख सांगितली. अजून दिवस शिल्लक होते.

"म्हंजे भरती हाय अजून," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत वरच्या गावातल्या एखाद्या माणसाला ती गोष्ट अशी नेमकी समजलेली मी पाहिली नव्हती. मला रडू आवरेना. त्यांनी माझं रडणं होऊ दिलं, मग म्हणाल्या, "छापून नको. पयला कागद अजून देव्हाऱ्यातच हाय, हे काढू देत नायत. हा हितंच ऱ्हावदे. मना एकदा त्याची खोली बघून यायची हाय ताई. कुठं झोपायचा, खिडकीतनं काय दिसायचा, तेवढा बघते आनि येते. एकट्या बाईला सोडतात म्हनालात ना?"

"सोडतात."

"आनि मदतीला मानूस असंल?"

"असेल वहिनी. मी सांगून ठेवीन."

त्यांनी मान हलवली. या वेळी ती कुणासाठी हलवली ते मला समजलं. मग त्या पदर सावरून ताठ बसल्या, त्या दिवशी उजळणीला बसल्या होत्या तशा, आणि मला म्हणाल्या, "तो साहेब इचारंल ना, कुनाकडं आलात म्हनून. आता काय सांगू त्याला?"

तीस-बत्तीस वर्षं मी लोकांना या प्रश्नाचं उत्तर पाठ करून दिलं. मुलाकडे, मुलीकडे, भावाकडे, कुणाकडे नाही नुसतं फिरायला. यातलं एकही उत्तर वहिनींना लागू नव्हतं. वहिनींनी पासपोर्ट पिशवीत ठेवला.

"इचार करून ठेवा ताई. मी परत येते," असं म्हणून त्या एसटी पकडायला निघून गेल्या.

त्या आल्या नाहीत. व्हिसाची तारीख माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आली आणि गेली. त्या दिवशी मी कुलूप लावायच्या वेळेनंतरही दार उघडं ठेवून बसले होते. मे अखेरीला ऑफिस सोडताना खुर्च्या दिल्या, टेबल दिलं, कॅलेंडर तेवढं काढून घरी आणलं. वहिनी अजूनही कधीतरी येतील असं वाटतं, आणि मी अजून विचारच करते आहे.